पाइनच्या रानातली हजेरी

केवाची नावाच्या काउंटीत रस्त्यांच्या कडेला इतिहासाच्या सतरा पाट्या उभ्या आहेत, आणि सतराच्या सतरा एझेल टॉलिव्हरला तोंडपाठ आहेत. त्यानं त्या कधी बसून पाठ केल्या नाहीत. काउंटीच्या रस्तेखात्यात एकतीस वर्षं तो कडेचं गवत कापत होता. पाटीच्या खांबाशी आलं की यंत्र हळू करावं लागतं, आणि यंत्र हळू झालं की डोळे अक्षरांवर जातातच. नदीवरच्या तरीचा घाट, पहिली कापूस-गिरणी, गव्हर्नरचं जन्मघर, जनरलसाहेबांनी जिथं एक रात्र मुक्काम केला ते ओकचं झाड. असं करत करत सगळी काउंटी त्याच्या डोक्यात उतरली.

पाट्या ओतीव, निळ्या रंगाच्या, वर चंदेरी अक्षरं. उन्हानं त्यांचा रंग उडतो. हरणांच्या शिकारीच्या मोसमात टोळकी येता-जाता त्यांच्यावर नेम धरून बघतात. अक्षरांच्या खाचांत गांधीलमाश्या मातीची घरं बांधतात. एझेलला हे बघवायचं नाही. शनिवारी सकाळी तो आपला चंदेरी रंगाचा डबा नि बारीक ब्रश घेऊन निघायचा आणि एकेक अक्षर असं रंगवायचा की जणू ते त्याच्याच आजोबांचं नाव आहे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही दिली नाही. पण धातूत ओतलेल्या अक्षराचं त्याला फार मोठं अप्रूप होतं. दीडशे वर्षांपूर्वी एक माणूस इथं एक रात्र झोपला काय, सकाळी उठून गेला काय, आणि आजही रस्त्यानं जाणारा त्याचं नाव वाचतो! ह्या विचारानं तो खरोखर थक्क होऊन उभा राहायचा.

त्याची बायको वर्डेल मात्र थक्क-बिक्क व्हायची नाही. ती ट्रकमध्ये बसून पंख्यानं वारा घेत म्हणायची, "जनरलनं घोडा बांधला त्या झाडाची पाटी आहे. त्या घोड्याला पाणी कुणी पाजलं, त्याची कुठाय?"

"लागेल, लागेल."

"कधी? घोडा परत आल्यावर?"

एझेल हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागायचं. कारण सतरा पाट्यांत त्याच्या माणसांचं, काळ्या माणसांचं, एक नाव नव्हतं. आणि त्यानं प्रयत्न केला नव्हता असंही नाही. राज्याच्या खात्याकडे त्यानं तीनदा अर्ज पाठवला होता: पिल्ग्रिम रेस्ट चर्चची जुनी दफनभूमी, एकोणीस नंबरच्या रस्त्यालगत, गुलामगिरीच्या काळापासूनची. तिन्ही वेळा अर्ज सभ्य शब्दांत परत आला. लेखी पुरावा जोडावा. तोंडी आठवणी पुरेशा मानता येत नाहीत.

लेखी पुरावा आणायचा कुठून? जुनं चर्च एकोणीसशे एकतीस साली जळालं, त्यात त्याची वही जळाली. मग ती जमीन कुठल्याशा लाकूड कंपनीकडे गेली. त्यांनी कबरींवरचे ओबडधोबड दगड उचलून ओढ्यात टाकले आणि सरळ रांगांत पाइन लावला. चर्च तीन मैलांवर मोठ्या रस्त्याला आलं. जुन्या जागेवर आता वाळक्या सुयांचा गालिचा आणि एक बुजलेली विहीर, एवढंच.

उरली होती ती हजेरी. ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारी पिल्ग्रिम रेस्टची माणसं शिकागोहून, डेट्रॉइटहून, बर्मिंगहॅमहून घरी येतात. झाडाखाली टेबलं मांडलेली असतात. तळलेली कोंबडी, कोलार्डची भाजी, सात-आठ प्रकारचे केक. पण घासाला हात लावायच्या आधी सगळे उभे राहतात आणि जुन्या जागेवर झोपलेल्यांची नावं पुकारली जातात. ज्याच्या घराण्यातलं नाव येईल तो म्हणतो, "इथं आहे." मेलेल्याच्या वतीनं जिवंतानं ओ द्यायची.

चाळीस वर्षं ही हजेरी एझेलच्या झिल्फा आत्यानं घेतली. तिनं कधी कागद धरला नाही. नव्वदी गाठल्यावर तिनं एझेलला एक सबंध हिवाळा पुढच्या ओसरीवर समोर बसवलं. बटरबीनच्या शेंगा सोलता सोलता नावं घोकून घेतली.

"क्रम सोडायचा नाही," ती म्हणायची. "मोठा-धाकटा बघायचं नाही. कुणाला उचलून दुसरीकडे बसवायचं नाही. जसे आहेत तसे."

एझेलनं ते तंतोतंत पाळलं. नव्या पाळकांनी एकदा सुचवलं, "ब्रदर टॉलिव्हर, नावं आडनावांप्रमाणे लावली तर लोकांना सोपं जाईल." तेव्हा एझेलनं असं काही बघितलं त्यांच्याकडे, की पाळकांनी केकची चौकशी सुरू केली. एक मात्र होतं. आत्या थांबत थांबत म्हणायची. म्हातारी बाई, दम लागायचा. एझेलचा आवाज खणखणीत. तो अडतीस नावं घडाघडा घ्यायचा, आणि टेबलाशी ताटकळणारे लोक त्याला मनापासून दुवा द्यायचे.

अशी अकरा वर्षं गेली. मग रस्ता सरळ करायचं निघालं.

एकोणीस नंबरच्या रस्त्याला जुन्या जागेपाशी वाईट वळण आहे. एका वर्षात तिथं दोघांचे जीव गेले. काउंटीचा इंजिनियर बॉइड स्टॅन्सिल यानं नकाशा काढला. नवा रस्ता सरळ पाइनच्या रानातून जाणार होता. बॉइड वाईट माणूस नव्हता. लहानपणी तो एझेलच्या मांडीवर बसून गवत कापायच्या यंत्राचं चाक धरायचा. तो स्वतः एझेलच्या घरी आला, टोपी हातात घेऊन.

"मिस्टर एझेल, मी तुमच्या विरुद्ध नाही हो. तिथं कबरी आहेत असं दाखवा, मी रस्ता वाकवतो. शुक्रवारी नकाशावर सही व्हायचीय. पण मला वर काहीतरी दाखवावं लागतं. नुसतं 'आमची माणसं म्हणतात' चालत नाही."

"आमची माणसं म्हणतात," वर्डेल आतून म्हणाली, "आणि जनरल झोपला होता ते कोण म्हणालं रे? झाड?"

बॉइड लाल झाला. पण त्यानं एक केलं. विद्यापीठातल्या डॉक्टर ट्रूडी हॅम्रिक जुन्या दफनभूमी शोधायचं काम करत. त्यांना त्यानं फोन करून बोलावलं.

हॅम्रिकबाई सोमवारी आल्या. त्यांच्याकडे बाबागाडीसारखं, जमिनीखालचं दाखवणारं एक रडार होतं, आणि मातीत दाबून कुठं उकरलंय ते ओळखायची लांब पातळ सळई. दोन दिवस त्या पाइनच्या रांगांमधून ती गाडी ढकलत होत्या आणि सापडेल तिथं तारेची निशाणं टोचत होत्या. मोठ्या खड्ड्याला नारिंगी, लहान खड्ड्याला पिवळं. कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मार्चअखेरचे दिवस होते. पाइनचा पिवळा पराग सगळीकडे उडत होता. ट्रकच्या टपावर बोट फिरवलं तर रेघ उठावी इतका. एझेल आणि वर्डेल झाडीत शिरली आणि जागीच थांबली. सुयांच्या तपकिरी गालिच्यावर त्रेचाळीस निशाणं उभी होती. सहा ओळी, कबरी पूर्व-पश्चिम रोखानं, न्यायाच्या दिवशी मेलेले उठल्यावर तोंडावर सूर्य यावा अशा. पाइनच्या रांगांशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता. मधली काही निशाणं पिवळी, एकमेकांना चिकटून.

एझेलनं टोपी काढली. आयुष्यभर तो म्हणत होता की माणसं इथं आहेत, पण म्हणणं वेगळं आणि समोर त्रेचाळीस निशाणं वाऱ्यावर फडफडताना बघणं वेगळं.

हॅम्रिकबाई मात्र खूश दिसत नव्हत्या. "मिस्टर टॉलिव्हर, मला खात्री आहे. पण माझं यंत्र एवढंच सांगतं की इथली माती एकदा उकरून परत भरलीय. आत कोण आहे ते सांगत नाही. कंपनीनं झाडांचे बुंधे उपटले, त्याचेच खड्डे असंही कुणी म्हणेल."

"काउंटीचे वकील तेच म्हणताहेत," बॉइड खालमानेनं म्हणाला. "मग एकच रस्ता उरतो. एक... फक्त एक उघडून बघायची."

"उघडायची?" एझेलनं विचारलं.

"फक्त एक, मिस्टर एझेल. नंतर नीट, आदरानं..."

"बॉइड," वर्डेल म्हणाली, "तुझ्या आजीची उघडून बघितली होतीस का, ती आत आहे की नाही म्हणून?"

"नाही, मिस वर्डेल."

"मग?"

बॉइड बुटानं सुया ढकलू लागला. पण एझेलला कळत होतं, निवड दोन गोष्टींतच आहे. एक तर एखाद्या कबरीत फावडं घालू द्यायचं, नाहीतर शुक्रवारी सगळ्यांच्या डोक्यावर डांबर. त्याची मती गुंग झाली. त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं. तो विहिरीच्या बाजूनं पहिल्या ओळीकडे चालू लागला.

आपल्यात रीत आहे, कबरींत मुकाट्यानं शिरू नये, आत असलेल्यांना आपण आल्याचं कळवावं. एझेलला दुसरं काय म्हणायचं सुचणार! तो हजेरीच म्हणू लागला, तोंडातल्या तोंडात.

"मदर डायसी." पहिलं निशाण नारिंगी.

"प्रिन्स." दुसरं नारिंगी.

"प्रिन्सची दोन लहानगी."

आणि त्याचा पाय अडखळला. समोर दोन पिवळी निशाणं होती, हाताच्या अंतरावर.

"टेम्पी," तो जरा मोठ्यानं म्हणाला. नारिंगी. "थोरला आयझम. आयझमची सून. सुनेचं बाळ." नारिंगी, नारिंगी, पिवळं. ओळ संपली.

मागं हॅम्रिकबाई पळत आल्या. "तुम्ही काय म्हणताय? हे कुठून आणलंत? मी नकाशा अजून कुणालाच दाखवला नाही!"

"मी काही आणलं नाही, बाई. मी हजेरी घेतोय."

"पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."

तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, आणि ह्या वेळी बॉइडही शेजारून चालला. आठ निशाणं, आठ माणसं, मोठं तिथं मोठं आणि लहान तिथं लहान. तेव्हा एझेलच्या ध्यानात आलं. आत्याची यादी म्हणजे नुसती यादी नव्हतीच. ती चालत होती. ओसरीवर शेंगा सोलत बसलेली नव्वद वर्षांची म्हातारी मनातल्या मनात ह्या कबरींमधून चालत होती, ओळीमागून ओळ. तिला ते कुणी चालून दाखवलं होतं, त्याला आणखी कुणी. दगड ओढ्यात गेले, वही जळाली, वर जंगल उगवलं, आणि सगळा नकाशा माणसांच्या तोंडात शाबूत राहिला.

"चला," हॅम्रिकबाई म्हणाल्या. "दुसरी ओळ."

"हेगर. कजो. सुकी. हेगरची तान्ही."

चौथं निशाण नारिंगी होतं. मोठ्या माणसाचं.

एझेल थांबला, मागं गेला, पुन्हा म्हणाला. तेच. पुढं गेला तर सगळंच एक घर सरकलेलं. लहानग्यांच्या जागी मोठी, मोठ्यांच्या जागी लहानगी. तिसऱ्या ओळीत आणखी एकानं सरकलं. शेवटचं नाव घेतलं तेव्हा समोर पाच निशाणं अजून शिल्लक होती.

बॉइड हळूच म्हणाला, "मिस्टर एझेल, अडतीस नावं, त्रेचाळीस खड्डे. मी हे वर नेलं तर ते म्हणतील, पहिली ओळ योगायोगानं जुळली."

एझेल एका बुंध्यावर बसला. हातातोंडाशी आलेलं गेलं होतं. त्याला वाटलं, आत्याच चुकली असेल. मग तसं वाटल्याचीच त्याला लाज वाटली.

वर्डेल कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "तू हजेरी घेतोस ना, गाडी हाकल्यासारखी घेतोस. किती वर्षं सांगायचं होतं, आज सांगते. आत्या अशी घ्यायची नाही. ती थांबायची."

"दमा होता तिला."

"दमा? बुधवारच्या प्रार्थनेला जुनी गाणी सांगायला उभी राहायची, एकेक ओळ अख्ख्या चर्चला पुरेल इतकी लांब ओढायची, तेव्हा कुठं जायचा दमा? तिला दमा फक्त ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारीच कसा व्हायचा रे?"

एझेलनं वर बघितलं. तो थांबा त्यानं आपण होऊन काढून टाकला होता. अकरा वर्षं. चांगलं केलं असं समजून.

"कुठं थांबायची ती?" त्यानं विचारलं. "वर्डेल, कुठं कुठं?"

"मला काय पाठ आहे? पण माझ्याकडे आहे ते."

ती ट्रक घेऊन गेली आणि अर्ध्या तासात बुटांचा एक खोका घेऊन परत आली. जे आजारी आहेत, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी वर्डेल वीसेक वर्षं चर्चमधली प्रार्थना कॅसेटवर भरून घरोघर पोचवायची. खोक्यात त्या कॅसेट ओळीनं लावलेल्या. एकीवर तिच्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: ऑगस्ट १९८९, दुसरा रविवार.

बॉइडनं ती हातात घेऊन तारीख दोनदा वाचली. "वीस वर्षांपूर्वीची," तो म्हणाला.

एझेलचा ट्रक जुना, त्यात कॅसेट वाजायची. त्यांनी तो झाडांच्या अगदी कडेला लावला, दोन्ही दारं सताड उघडली आणि आवाज पूर्ण चढवला. हॅम्रिकबाई पहिल्या निशाणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आधी खरखर. मग खोकले, पुठ्ठ्याच्या पंख्यांची फडफड, कुणाचं तरी मूल रडत होतं. आणि मग रानात झिल्फा आत्याचा आवाज आला, जाड, सावकाश, कशाचीही घाई नसलेला.

"मदर डायसी."

"इथं आहे," बायकांचा घोळका म्हणाला.

"प्रिन्स."

"इथं आहे." हा एझेलच्या बापाचा आवाज होता. बाप जाऊन सतरा वर्षं झाली होती. एझेलनं ट्रकचं दार घट्ट धरलं.

हॅम्रिकबाई एकेका नावाला एकेक पाऊल पुढं टाकत होत्या. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली. हेगर. कजो. सुकी. बाई चौथ्या, नारिंगी निशाणाशी पोचल्या.

आत्या थांबली.

पंखे फडफडत होते. ते मूलही गप्प झालं होतं. एक श्वास, दोन, तीन. दम लागलेली बाई अशी थांबत नाही. समोर कुणीतरी उभं आहे आणि त्याचा मान राखायचाय, असं थांबणं होतं ते. मग आत्या म्हणाली, "हेगरची तान्ही," आणि बाईंनी पुढचं पाऊल टाकलं ते पिवळ्या निशाणापाशी.

"अरे देवा," बॉइड म्हणाला.

तिसऱ्या ओळीत ती पुन्हा थांबली, आणि ज्या निशाणाला नाव नव्हतं नेमक्या त्याच निशाणाशी. चौथ्या ओळीत दोनदा. पाचवीत एकदा. प्रत्येक वेळी पुढचं नाव आपापल्या जागी जाऊन बसलं, लहान लहानाच्या, मोठं मोठ्याच्या. एझेल उभ्याउभ्या रडत होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. मी म्हणतो, कुणाला वाटली असती? ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही त्या माणसांनी हे दीडशे वर्षं राखलं होतं, बोलण्यानं आणि गप्प राहण्यानं, आणि वीतभर चूक नव्हती.

शेवटच्या ओळीत आत्या म्हणाली, "जुलाय. पेशन्स. आंधळा मोझेस." हॅम्रिकबाई त्रेचाळिसाव्या निशाणाशी पोचल्या. सगळं जुळलं. बॉइडनं सुटकेचा श्वास टाकला आणि तो कॅसेट बंद करायला ट्रककडे वळला.

"थांब," वर्डेल म्हणाली. "हात लावू नकोस."

कॅसेट चालूच होती. पंखे फडफडत होते. आत्या काही बोलत नव्हती. हा सगळ्यात लांब थांबा होता. मग तिचा आवाज आला: "एवढे सगळे." आणि चर्च म्हणालं, आमेन.

हॅम्रिकबाईंनी पुढं बघितलं. शेवटच्या निशाणापुढं एक जाडजूड पाइन होता, त्याची मुळं जमिनीवर पसरलेली. "इथं मी गाडी फिरवलीच नाही," त्या म्हणाल्या. "चाकं चढत नव्हती."

त्यांनी सळई उचलली. मुळांच्या अलीकडे जमिनीत दाबली. हातभरही जाईना, खाली कडक लाल माती. थोडी सरकवून पुन्हा दाबली. तसंच. मग दोन मुळांच्या मधोमध त्यांनी ती टेकवली आणि नुसता भार दिला. सळई आत गेली, हलकेच, कमरेइतकी. जणू जमीन वाटच बघत होती.

त्या ताठ झाल्या आणि त्यांनी एझेलकडे बघितलं. बॉइडनं टोपी काढली होती. परागाची पिवळी धूळ त्याच्या ओल्या गालांवर बसत होती.

एझेल सावकाश तिथं गेला आणि गुडघे टेकून बसला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ते सोपं नव्हतं. "माफ करा," तो म्हणाला. "तुम्हा सहाही जणांची माफी मागतो. मला वाटलं, ती दमलीय. मी अकरा वर्षं तुम्हाला सोडून पुढं गेलो."

वर्डेलनं हात देऊन त्याला उठवलं. मग बॉइडनं कागद काढले आणि ट्रकच्या बॉनेटवर पसरले. "नावं सांगा, मिस्टर एझेल. ओळीनं. हे मी आज, आत्ताच वर नेतो. कुणीही काहीही उघडणार नाही."

एझेल सांगत गेला, बॉइड लिहीत गेला. दुसऱ्या ओळीत सुकी लिहून झाल्यावर त्यानं पेन थांबवलं. "इथं? 'अज्ञात' लिहू ना?"

"नको."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, मिस्टर एझेल. अर्ज परत येतो."

"येऊ दे. माझे तीन आलेत. 'अज्ञात' म्हणजे जो कुणालाच माहीत नाही तो. हे माहीत होते, बॉइड. कोण कुठं झोपलंय इतकं माहीत होतं की म्हातारी न बघता त्यांच्यापाशी थांबायची."

"पण मग नावं का नव्हती त्यांची?" हॅम्रिकबाईंनी विचारलं.

वर्डेल खोक्यात कॅसेट परत लावत होती. "विकत आणलेली माणसं असतील, बाई. लांबून. आपलं नाव सांगायच्या आधीच गेली असतील. मालकानं काहीतरी नाव ठेवलंच असेल त्यांचं, वहीत लिहायला. ते आपल्या लोकांना माहीत नसेल असं नाही. पण ते त्यांनी तोंडात घेतलं नाही. जे नाव त्यांचं नव्हतं ते त्यांना चिकटवलं नाही. मला तर एवढंच दिसतं."

बॉइडनं रकाना रिकामा सोडला आणि पुढच्या ओळीवर लिहिलं: हेगरची तान्ही.

अर्ज परत आला नाही. रस्ता वाकला, दीडशे फूट उत्तरेला, आणि वळणही सौम्य झालं. केवाची काउंटीला अठरावी पाटी मंजूर झाली, दोन्ही बाजूंनी मजकुराची. एका बाजूला चर्चची हकिकत, दुसऱ्या बाजूला सहा ओळींत नावं. मजकूर एझेलनं स्वतः लिहून पाठवला, वर्डेलनं तीनदा तपासला.

जुलैत एका दुपारी फोन वाजला. पाट्या ओतणाऱ्या कारखान्यातला माणूस होता, दुसऱ्या कुठल्यातरी राज्यातून बोलत होता.

"मिस्टर टॉलिव्हर? तुमच्या पाटीचा साचा लावतोय. पण तुमच्या कागदात सहा ठिकाणी नावं सुटलीयत. तुम्ही ती सांगता, की मी बाकीची सरकवून अंतर भरून काढू?"

"सुटलेली नाहीत," एझेल म्हणाला. "सरकवू पण नका. त्या सहा जागा तशाच ओता."

"कोऱ्या?"

"कोऱ्या."

"लोकांना वाटेल, आमचीच चूक झाली."

"विचारतील. विचारू देत. म्हणजे कुणीतरी सांगेल."

पलीकडे कागदाची सळसळ झाली. "बरं, पण मला माप लागेल. मोकळी जागा किती रुंद ठेवू?"

एझेलनं वर्डेलकडे बघितलं. ती हातातलं काम टाकून ऐकत होती.

"एका माणसाच्या नावाएवढी," तो म्हणाला. "त्याहून कमी नको."

तो माणूस ते शब्द पुटपुटत लिहू लागला. मग म्हणाला, "लिहून घेतलं, साहेब."